ठिणगीचे काम आणि आपली मुले

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. जमीन, वनहक्क, पिण्याचे पाणी, वाढवणचे बंदर हे आपले नेहमीचे विषय. त्यांच्या पंगतीत पोलाद कोरणारे एक यंत्र आणून बसविण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारले तर ते रास्तच होईल. प्रयोजन असे की, डहाणू-तलासरीच्या तरुणाला कोणते काम शिकू दिले जाते, हा प्रश्न आता मजुरीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. १९४५ साली झरीच्या परिषदेत वारली बांधवांनी दिवसाला बारा आण्यांपेक्षा कमी दराने जमीनदाराच्या शेतावर जाणार नाही असे ठरविले, तेव्हा सगळ्यांचे काम एकच होते आणि दरही एकच मागता येत होता. आज तलासरीच्या पाड्यावरून वापीला, उंबरगावला किंवा तारापूरला जाणाऱ्या दहा पोरांच्या हातांत दहा निराळी कामे असतात आणि प्रत्येकाचा भाव त्याला काय येते यावर ठरतो. आपण मात्र ‘कौशल्य’ हा शब्द सरकारी पत्रकांइतक्याच मोघमपणे वापरतो. म्हणून आज एकच कौशल्य घेऊ आणि ते मुळापासून समजावून घेऊ.

डाय म्हणजे साचा. आपल्या घरातली स्टीलची वाटी, बाटलीचे झाकण, विजेच्या बटणाचे कवच, मोटारीचा पत्रा यांतली एकही वस्तू साच्यावाचून होत नाही. कारखान्यात हजार माणसे माल काढीत असतील, पण त्या मालाचा आकार टूलरूममधल्या आठ-दहा माणसांनी आधीच पोलादात कोरून ठेवलेला असतो. म्हणूनच टूलरूमचा कारागीर हा कामगारवर्गातला सर्वांत जपून ठेवला जाणारा माणूस. मालक त्याच्याशी सहसा अरे-तुरेने बोलत नाही.

ही विद्या आपल्या भागाला परकी नाही, हे तलासरीकडच्या मंडळींना कदाचित ठाऊक नसेल. चिंचणीपासून वरोर, वाढवणपर्यंतच्या किनारपट्टीच्या गावांत दागिन्यांचे डाय करण्याचा धंदा घरगुती म्हणून रुजलेला आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने उलटी नक्षी कोरायची, त्या ठोकळ्याला पाणी देऊन तो कणखर करायचा, मग त्यावर सोन्याचांदीचा पातळ पत्रा ठेवून ठोकला की फूल, पान, वेलबुट्टी उठते. ज्या गळ्यांत ते दागिने पडतात त्यांना या गावांची नावेही ठाऊक नसतात. वाढवण बंदराच्या विरोधात मच्छीमार आणि बागायतदार यांच्या जोडीने डायमेकरही उभे राहिले, ते याच धंद्यातले लोक. पडवीत, खिडकीच्या उजेडात, बापाशेजारी बसून मुलगा शिकतो. नक्षी उलटी पाहण्याची सवय डोळ्याला लागावी लागते, आणि ती लागायला वर्षे जातात.

या छिन्नीपुढे आज यंत्र उभे आहे. नक्षी संगणकावर काढली जाते, तिच्या बरहुकूम तांब्याचा ठसा यंत्रावर कापला जातो, आणि तो ठसा विजेच्या ठिणग्यांनी पोलादात उतरविला जातो. या शेवटच्या क्रियेला इलेक्ट्रिकल डिस्चार्ज मशीनिंग म्हणतात. टूलरूममध्ये इतके लांब नाव कोणी घेत नाही. तिथे ‘ई.डी.एम.’ किंवा नुसते ‘स्पार्क’ म्हणतात.

हे यंत्र कोठून आले? ठिणगी धातू खाते हे जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७० च्या सुमारासच पाहिले होते. पण तो खाणारा दात कामाला जुंपला १९४३ साली, ऐन महायुद्धात, मॉस्कोतल्या बोरिस व नतालिया लाझारेन्को या पतिपत्नींनी. त्यांच्याकडे काम वेगळेच सोपविले होते. विजेचे संपर्कबिंदू ठिणग्यांमुळे झिजतात, ती झीज थांबविण्याचा उपाय त्यांनी शोधायचा होता. ती झीज काही थांबेना. परंतु संपर्कबिंदू तेलात बुडविले असता ठिणग्या अधिक आटोक्यात राहतात, असे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा, झीज थांबत नसेल तर ती हवी तेथे, हवी तितकी घडवून आणावी, असा उलटा विचार त्यांनी केला. त्याच सुमारास अमेरिकेत भोकात अडकलेले तुटके ड्रिल आणि टॅप काढण्यासाठी काही जण ठिणगीचाच वापर करू लागले होते. गरज दोन्हीकडे युद्धाचीच होती. साठनंतरच्या काळात तारेने कापणारी यंत्रे आली. त्यांत केसाहून थोडी जाड अशी पितळेची तार पाण्यातून सरकत जाते आणि करवतीने पत्रा कापावा तसे जाड पोलाद कापते.

आता क्रिया पाहू. घासलेट किंवा त्यासाठीच बनविलेले तेल भरलेल्या टाकीत पोलादाचा ठोकळा पक्का बसवितात. वरून तांब्याचा किंवा ग्रॅफाइटचा ठसा, म्हणजे इलेक्ट्रोड, खाली येतो. दोघांचा स्पर्श मात्र कधीच होऊ द्यायचा नसतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावे इतके अंतर त्यांच्यात राखले जाते, आणि त्या फटीतून दर सेकंदाला हजारो ठिणग्या पडतात. ठिणगी पडते त्या टिंबाएवढ्या जागी तपमान आठ ते बारा हजार अंशांपर्यंत चढते. तेथला पोलादाचा कण वितळतो, काही वाफ होऊन जातो, आणि तेलाचा प्रवाह ती राख वाहून नेतो. अशा लक्षावधी खड्ड्यांतून ठशाचा आकार पोलादात उतरतो.

यातली खुबी अशी की पोलाद किती कठीण आहे याला येथे महत्त्वच उरत नाही. छिन्नीला किंवा कटरला मऊ पोलाद लागते. म्हणून जुन्या रीतीत आधी कोरायचे आणि मग पाणी द्यायचे. पाणी देताना ठोकळा वाकडा झाला किंवा तडकला तर पंधरा दिवसांची मेहनत मातीत. स्पार्कच्या रीतीत पाणी आधी देतात व कोरणे नंतर होते. तो धोका त्यामुळे जातो. पण फुकट काहीच मिळत नाही. ठिणगीने वितळून पुन्हा गोठलेल्या धातूचा एक पातळ, ठिसूळ थर साच्याच्या अंगावर राहतो. तो हाताने घासून, पॉलिश करून काढावाच लागतो, नाही तर साचा लवकर चिरतो. म्हणजे यंत्र आले तरी हात सुटला नाही.

शिकणाऱ्याला काय शिकावे लागते, ते जरा तपशिलाने सांगतो, कारण आपला मुद्दा त्यातच आहे. समजा २० मिलिमीटरचे भोक पाडायचे आहे आणि ठिणगी प्रत्येक बाजूला ०.०५ मिलिमीटर जास्त खाते. मग इलेक्ट्रोड १९.९० चा हवा. पण पहिली कापणी जोराच्या विजेने करायची असेल तर ठिणगी प्रत्येक बाजूला ०.१५ खाईल. त्या कापणीसाठी १९.७० चा दुसरा इलेक्ट्रोड करावा लागतो, आणि शेवटच्या सफाईसाठी आणखी मोठा. हे गणित सातवी-आठवीच्या दशांश अपूर्णांकाचे आहे. ज्या आश्रमशाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी राहते, तेथल्या मुलाच्या वाटेतला टूलरूमचा दरवाजा त्याच वर्षी लागलेला असतो. आपण त्याला दहा वर्षांनी ‘बेरोजगार’ म्हणतो.

गणितानंतर येतो तो अंदाज. विद्युत्प्रवाह वाढविला की काम भरभर होते, पण खड्डे खोल पडून अंग खरखरीत येते. ठिणगी किती वेळ चालू ठेवायची आणि दोन ठिणग्यांमध्ये किती उसंत द्यायची, ही दोन बटणे हाताखाली असतात. उसंत कमी पडली तर राख वाहून जात नाही, फटीत साचते, आणि सुटी ठिणगी जाऊन एकाच जागी अखंड ज्योत धरते. क्षणार्धात साच्याला खळगा पडतो आणि हजारोंचा माल भंगारात जातो. जाणता कारागीर हे आवाजावरून ओळखतो. ठिणग्यांची सारखी तडतड बदलली की त्याचा हात बटणाकडे जातो. पुस्तकात हे सांगता येते, पण शिकविता येते ते यंत्रापाशी उभे करूनच.

आणि हे तेल पेट घेणारे आहे. ठिणगीची जागा तेलात पुरेशी खोल बुडालेली हवी. ती उघडी पडली तर आग लागते. तेलाची पातळी उतरताच यंत्र बंद पाडणारी कळ असते. ती कळ कामाच्या घाईत बांधून ठेवलेली कोठे आढळली तर आपल्या युनियनच्या माणसाने ते काम तेथल्या तेथे थांबवावे. धूर बाहेर ओढणारा पंखा, हातमोजे आणि जवळच आग विझविण्याचे साधन ही मालकाची मेहेरबानी नव्हे.

आता, शिकायचे कोठे? देशात या विद्येच्या मोठ्या संस्था आहेत. हैदराबादची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सुरू झाली. पूर्वीच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, इंडो-जर्मन टूलरूम आहे. आय.टी.आय.मध्ये ‘टूल अँड डाय मेकर’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम देशपातळीवर मान्य आहे आणि त्याला दहावी उत्तीर्ण विद्यार्थी बसू शकतो. तलासरीत दहांपैकी नऊ माणसे आदिवासी. त्यांच्या मुलाने संभाजीनगरला जाऊन शिकावे असे म्हणणे सोपे आहे. राहण्याचा, जेवणाचा आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब कोणी मांडत नाही. म्हणून मागणी जवळचीच हवी. पालघर जिल्ह्यातल्या आय.टी.आय.मध्ये हा अभ्यासक्रम हवा, त्याला चालणारे स्पार्क मशीन हवे, आणि ते यंत्र चालविणारा निदेशक हवा. या तिन्हींतले एक नसले तर उरलेली दोन व्यर्थ जातात.

दुसरी वाट शिकाऊ उमेदवारीची. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आपण वाचला पाहिजे. त्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. या एका वाक्याच्या आडोशाने कित्येक ठिकाणी कामगाराचे काम विद्यावेतनात उरकले जाते. २०१४ च्या दुरुस्तीने मालकाची कैदेची शिक्षा काढून टाकली, दंड तेवढा ठेवला. उमेदवारी संपल्यावर कामावर घ्यायचे की नाही, याचे धोरण मालकानेच आखायचे आहे. तरीही या कायद्यात आपल्या उपयोगाचे पुष्कळ आहे. आरोग्य व सुरक्षिततेची जबाबदारी आणि अपघाताची नुकसानभरपाई उमेदवारालाही लागू आहे, आणि त्याला करारात लिहिलेलाच धंदा शिकवावा लागतो. टूलरूमचा उमेदवार म्हणून घेतलेल्या मुलाला वर्षभर पेट्या उचलायला लावल्या तर तो करारभंग आहे. किती मुलांनी आपला करार वाचलेला असतो? किती जणांजवळ त्याची प्रत तरी असते? हे विचारणे आपले काम आहे.

बंदराविषयी थोडेच बोलतो, कारण त्यावर स्वतंत्र बैठक आहे. न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८ साली वाढवणला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने, नव्या अध्यक्षांच्या काळात, ३१ जुलै २०२३ रोजी संमती दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी भूमिपूजन झाले. लाखो रोजगारांची भाषा तेव्हापासून ऐकू येते. माझा प्रश्न साधा आहे. ज्या गावांत पोलादावर वेलबुट्टी कोरणारे हात आहेत, त्या गावांतल्या मुलांना या रोजगारांत कोणती जागा नेमून दिली आहे? शिपाई, हेल्पर, कंत्राटी वाहनचालक? कारागिराच्या पोराला हेल्पर करणे याला विकास म्हणण्याची सवय आपल्याला लागू नये.

२० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा पडली, अतिप्रदूषक उद्योगांना बंदी झाली, आणि भोवतालच्या २५ किलोमीटरच्या पट्ट्यालाही बंधने आली. या अधिसूचनेने रोजगार मारला, असे व्यापारी मंडळी नेहमी सांगतात. साच्याचे काम त्यांना उत्तर देते. त्याला जागा थोडी लागते, पाणी नाममात्र लागते, धुराडे लागत नाही, आणि त्यातली किंमत बव्हंशी माणसाच्या डोक्यात व हातात असते. पाच-सात डायमेकरांनी सहकारी तत्त्वावर एक यंत्र घेतले, तर नक्षीची नजर त्यांची आणि ठिणगीचे बळ यंत्राचे, असा मेळ बसू शकतो. बँक एकट्या कारागिराला दारात उभे करीत नाही, संस्थेला करील, निदान नकार लेखी तरी देईल.

मात्र येथेही डोळे मिटून चालणार नाही. टाकीतले काळे झालेले तेल आणि तळाशी बसणारा धातूचा गाळ हा घातक कचरा आहे. तो ओहोळात ओतला तर खाडीतल्या मासळीला त्याची झळ लागेल आणि मच्छीमार आपल्याला विचारील की कारखानदारात आणि तुमच्यात फरक काय. गाळ बंद पिंपात साठवून मान्यताप्राप्त विल्हेवाट केंद्राकडे पाठविण्याचा खर्च संस्थेच्या पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा लागेल.

आय.टी.आय.चे प्रवेश दहावीच्या निकालापाठोपाठ सुरू होतात. तोपर्यंत प्रत्येक शाखेने आपल्या भागातल्या संस्थेत जाऊन तीन गोष्टी पाहून याव्यात: टूल अँड डाय मेकरच्या जागा आहेत काय, स्पार्क मशीन आहे काय, आणि असल्यास ते चालू आहे की त्यावर ताडपत्री घातलेली आहे. टाकीत बोट बुडवून पाहा. तेल नसेल तर ते यंत्र कोणाला काही शिकवीत नाही. पाहिलेले लिहून, तारखेसह, तालुका कार्यालयात द्या.