ताण : पिकांवरचा आणि माणसांवरचा

(मोरगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



डाळिंबाच्या बागाइतदाराला ‘ताण’ हा शब्द शिकवावा लागत नाही. बहार धरावयाचा म्हणजे झाडाचे पाणी काही आठवडे तोडावयाचे, पाने पिवळी पडून गळू द्यावयाची, आणि मग खत घालून, हलके पाणी देऊन झाडाला पुन्हा जागे करावयाचे. साठविलेले अन्न झाड मग फुलोऱ्यावर खर्च करते. या क्रियेत दोन गोष्टी गृहीत असतात. ताण किती द्यावयाचा याची सीमा बागाइतदाराला ठाऊक असते. आणि ताण संपताच पाणी मिळेल, याची त्याला हमी असते. यांपैकी एक जरी गोष्ट नसली तरी बहाराऐवजी सरपण हाती येते.

पिकांवरील ताणाच्या शास्त्राचा गाभा हाच आहे. आणि पाण्याच्या राजकारणाचाही. बारामती तालुक्यात या दोहोंची गाठ पडते. नीरा डाव्या कालव्याखालचा भाग बागायती, तर मोरगाव-सुप्याचा कऱ्हेकडील भाग जिरायती. दोहोंकडे पाऊस बेताचाच. भेद आभाळाने केलेला नाही, कालव्याने केलेला आहे. याच तालुक्यात माळेगाव खुर्द येथे २००९ साली केंद्राची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. अवर्षण, क्षार, उष्णता, साचलेले पाणी यांना पिके कशी तोंड देतात, याचा अभ्यास तेथे चालतो. संस्थेच्या वाट्याला खडकाळ माळ आला. तो फोडून तेथे फळझाडे उभी केली गेली.

तथापि नीरेच्या खोऱ्यात हा अभ्यास शंभराहून अधिक वर्षे जुना आहे, आणि त्याच्या आरंभी डॉ. हॅरॉल्ड मॅन हे नाव आहे. यॉर्क येथे १८७२ साली जन्मलेला हा रसायनशास्त्रज्ञ १९०० साली चहाच्या मळ्यांवरील संशोधनासाठी हिंदुस्थानात आला आणि १९०७ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. पुढे मुंबई इलाख्याचे शेतीसंचालकपदही त्याने सांभाळले. तो परकीय सरकारचा अधिकारी होता, हे विसरण्याचे कारण नाही. परंतु त्या चाकरीत राहून त्याने जे पाहिले, ते पुष्कळ स्वकीयांनाही दिसले नव्हते.

मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. कालवा सुरू होऊन तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. दुष्काळनिवारणासाठी आणलेल्या पाण्यानेच जमिनी मरू लागल्या होत्या. हे घडते कसे? काळ्या जमिनीतून निचरा मंद होतो. वाजवीपेक्षा अधिक पाणी दिले की भूजल वर चढते आणि क्षार बरोबर आणते. पाण्याची वाफ होते, क्षार पृष्ठभागी उरतात. मग पीक पाण्यात उभे असून तहानेले राहते, कारण खारट द्रावणातून पाणी ओढण्याचे बळ मुळांत उरत नाही. वरच्या शेतातील उधळपट्टी खालच्या शेतकऱ्याची जमीन चोपण करते. लाभ एकाचा, हानी दुसऱ्याची! निचऱ्याचे चर खणणे आणि पाणी मोजून देणे हा त्यावरचा उपाय. पण यांतील एकही गोष्ट एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या हातची नाही.

मातीची परीक्षा करणारा हा माणूस तेथेच थांबला नाही. पीक का खुरटते हे विचारता विचारता तो शेतकरी का खुरटतो, या प्रश्नाशी आला. पुण्यातील अस्पृश्य वर्गाच्या स्थितीवर त्याने १९१२ साली निबंध लिहिला. १९१७ साली पिंपळे सौदागर या गावाची पाहणी प्रसिद्ध झाली. १७७१ साली तेथील सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती, आणि तीही तुकड्यातुकड्यांत विखुरलेली. १९२१ साली एन. व्ही. कानिटकर यांच्यासह त्याने जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही ठिकाणी त्याने शेताच्या उत्पन्नाशेजारी कर्जाचा आकडा मांडला. मोरगावकरांना त्याचे नवल वाटू नये. जवळच्या सुप्यातच १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली होती. जमीन कोरडी होती हे खरे. पण वणवा पेटला तो व्याजाने.

निवृत्त होऊन मॅन मायदेशी परतला, तेथेही संशोधन करीत राहिला आणि १९६१ साली वारला. त्याच्या आयुष्याचा धडा असा, की ताण मोजणाऱ्याने झाडापाशी थांबू नये.

तो धडा कृतीत आला तो शेजारच्या पुरंदर तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने नायगाव येथे पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या मालकीवर नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येवर मिळेल : माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला अधिकाधिक अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा मिळेल. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावता येणार नाही. पिकाला किती पाणी पुरते, हे शास्त्र सांगते. उरलेले पाणी कोणाचे, हे समाजाने ठरवावयाचे असते. नायगावने ते ठरविले.

आज ताण सोसणाऱ्या जातींचा, ठिबकाचा, शेततळ्यांचा बोलबाला आहे. त्यांचे स्वागतच करावयास हवे. परंतु एक धोका ओळखला पाहिजे. कमी पाण्यावर जगणारे पीक निघाले, म्हणून जिरायतकऱ्याने कमी पाण्यावर जगावे, असा निष्कर्ष सोयीने काढला जाऊ शकतो. लागवडीच्या अल्प क्षेत्रावर उभा असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेत असताना, सोसण्याचे शास्त्र मात्र कोरडवाहू माणसालाच शिकवावयाचे, हा न्याय नव्हे. डाळिंबाला ताण देणारा बागाइतदार झाडाची मर्यादा जाणतो. कोयता घेऊन गाव सोडणाऱ्या ऊसतोड मजुराची मर्यादा कोणी मोजली आहे?

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव दोन कामे हाती घ्यावीत. सरकारी पैशातून चाललेले संशोधन जिरायती शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येते की नाही, हे पाहावे, आणि येत नसेल तर संस्थेच्या दारी जाऊन ते मागावे. दुसरे, गावाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडावा : किती आले, कोणी घेतले, कोणाला मिळाले नाही. हे आकडे फळ्यावर लिहिले गेले, म्हणजे पुढचे भाषण करण्याची गरज राहणार नाही.