फिरत्या भागांचा समतोल : मोटारीचे इंजिन पुन्हा बांधताना



भाड्याने मोटार चालवून संसार करणाऱ्या माणसावर इंजिन खोलून पुन्हा बांधण्याचा प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच. सिलिंडर झिजतात, तेल जळू लागते, धूर निघतो आणि मग कर्ज काढून, प्रसंगी घरातले किडूकमिडूक मोडून हे काम हाती घ्यावे लागते. नवे पिस्टन येतात, नवी बेअरिंगे येतात, क्रँकशाफ्ट घासून मिळतो. इतके करूनही पुष्कळदा असा अनुभव येतो की, चोर्ला घाटात गाडीने वेग घेतला की तिचे सर्वांग थरथरू लागते आणि काही महिन्यांतच बेअरिंगचा ठोका कानी पडतो. दोष कधी तेलाला दिला जातो, कधी सुट्या भागांना, कधी मिस्त्रीच्या हाताला. भागांच्या वजनाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

शेताची राखण करणाऱ्याला यामागचे शास्त्र शिकवावे लागत नाही. गोफणीतला दगड तोच असतो; पण गोफण जोराने फिरू लागली की हाताला बसणारी ओढ वाढत जाते. वेग दुप्पट झाला तर ही ओढ चौपट होते. फ्लायव्हीलच्या मध्यापासून १० सेंटिमीटर अंतरावर एका बाजूस अवघे १० ग्रॅम वजन अधिक असेल, तर मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या गतीला तेथे सुमारे १० किलो भाराइतकी ओढ निर्माण होते; ६,००० फेऱ्यांना तीच ४० किलोवर जाते. शिवाय ही ओढ एका जागी स्थिर नसते. फेरीबरोबर ती चहूकडे फिरते आणि बेअरिंगवर सतत आघात करीत राहते.

एके काळी सरकारी कचेऱ्यांच्या दारात हमखास दिसणाऱ्या अँबॅसडर मोटारीचे उदाहरण घेऊ. तिचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. तिच्या १,४८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनात पिस्टनची धाव सुमारे ८९ मिलिमीटर होती. चार सिलिंडरच्या अशा सरळ रांगेतल्या इंजिनात कडेचे दोन पिस्टन वर जात असताना मधले दोन खाली येतात. चौघांचे वजन सारखे असेल तर त्यांचे मुख्य धक्के परस्परांना छेद देतात. परंतु एक पिस्टन फुटला म्हणून तेवढाच बदलला आणि तो २० ग्रॅमने जड निघाला, तर मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वेळी १५ किलोहून अधिक जोराचा धक्का शिल्लक उरतो, आणि तोही सेकंदाला ६६ वेळा! चारांपैकी एकच पिस्टन बदलण्याची काटकसर अशी महागात पडते.

यावरचा पहिला उपाय लहानशा गॅरेजातही होण्याजोगा आहे. त्याला ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा चांगला काटा पुरतो. चारही पिस्टन त्यांच्या पिनांसह तोलावेत, सर्वांत हलका कोणता ते पाहावे आणि उरलेले तिघे त्याच्या बरोबरीला आणावेत. किती फरक चालेल ते गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेत पाहावे. धातू काढायचा तो पिस्टनच्या आतल्या बाजूने, पिनेच्या आधाराजवळच्या जाड भागातून. माथ्याला कानस लावू नये.

कनेक्टिंग रॉडचे काम थोडे अधिक नाजूक आहे. त्याचे मोठे टोक क्रँकबरोबर फिरते, तर लहान टोक पिस्टनबरोबर वरखाली होते. म्हणून केवळ एकूण वजन जुळून भागत नाही. दोन्ही टोके वेगवेगळी जुळावी लागतात. एक टोक टांगून, रॉड आडवा व समपातळीत ठेवून, दुसरे टोक काट्यावर टेकवावे. नंतर टोके बदलून पुन्हा तोलावे. दोन्ही आकड्यांची बेरीज संपूर्ण रॉडच्या वजनाइतकी आली पाहिजे. आली नाही तर मांडणी चुकली असे समजावे. रॉडच्या दांड्यावर आडवा ओरखडा पडता कामा नये, कारण तडा तेथूनच सुरू होतो. घासायचे ते टोकांवर याचसाठी ठेवलेल्या जाड भागातूनच.

क्रँकशाफ्टचे मात्र गॅरेजात भागत नाही. दोन समपातळीतल्या धारांवर ठेवलेला शाफ्ट कोणत्याही स्थितीत स्वस्थ राहिला, तरी तो समतोल आहे असे ठरत नाही. एका टोकाला वरच्या अंगाने व दुसऱ्या टोकाला खालच्या अंगाने सारखेच जादा वजन असेल, तर धारेवर तो शांत दिसेल आणि फिरू लागताच दोन्ही टोकांनी हेलकावे घेईल. हा दोष शाफ्ट फिरवून तपासणाऱ्या यंत्रावरच कळतो. जड जागा सापडली की प्रतिभारात भोक पाडून तेवढे वजन कमी करतात. ओतकामासाठी नावाजलेल्या बेळगावसारख्या शहरात शाफ्ट नेताना त्याबरोबर फ्लायव्हील, क्लचची प्रेशर प्लेट आणि पुढची पुलीही न्यावी. समतोल साधल्यावर त्यांच्या परस्पर स्थितीच्या खुणा करून घ्याव्यात, आणि बसवताना त्या खुणा तंतोतंत जुळवाव्यात. एक बोल्ट सरकवून प्लेट बसवली तर सारा खर्च पाण्यात जातो.

एवढे सारे करूनही चार सिलिंडरच्या इंजिनात थोडी थरथर राहणारच. रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टनची वरची व खालची धाव सारख्या गतीने होत नाही आणि प्रत्येक फेरीत दोन वेळा एक बारीक धक्का उरतो. त्यासाठी दुप्पट वेगाने परस्परविरुद्ध फिरणारे दोन जादा शाफ्ट बसवण्याची कल्पना ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांची; जपानच्या मित्सुबिशी कंपनीने १९७५ साली ती पुन्हा वापरात आणली. तेव्हा, ‘इंजिन अजिबात हलणार नाही’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याच्या बोलण्यावर फार विसंबू नये.

सरकारी वाहनांच्या दुरुस्तीची दरपत्रके मागवताना समतोलाच्या कामाची स्वतंत्र नोंद मागणे इष्ट होय. ती नोंद नसेल तर हे काम गाळणाऱ्याचा दर साहजिकच सर्वांत कमी ठरतो आणि तोच मंजूर होतो. खाजगी मालकानेही इंजिन बंद होण्यापूर्वी चारही पिस्टनांची व रॉडच्या दोन्ही टोकांची वजने कागदावर लिहून घ्यावीत, आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. पुढे एखादा पिस्टन बदलावा लागलाच, तर नवा किती वजनाचा हवा हे मिस्त्रीला त्यावरून सांगता येईल.