हुकूम आणि अंमल



स्तनाच्या कर्करोगाची गांठ तपासून आली म्हणजे अहवालांत 'ई. आर. पॉझिटिव्ह' अशीं अक्षरें पुष्कळदां असतात. घरांतील मंडळी तीं वाचतात, आणि अर्थ न कळल्यामुळें अधिकच घाबरतात. त्या अक्षरांमागील हकीकत आज सांगावयाची आहे.

१८९६ सालीं ग्लासगोचे शस्त्रवैद्य जॉर्ज बीटसन यांनीं एक नवल प्रसिद्ध केलें. स्तनाचा कर्करोग बळावलेल्या एका स्त्रीचे त्यांनीं अंडाशय काढून टाकले, तों स्तनाची गांठ विरूं लागली! रोग एका ठिकाणीं आणि उपाय दुसऱ्याच ठिकाणीं, हें कसें? अंडाशयांतून ईस्ट्रोजेन नांवाचें संप्रेरक रक्तांत उतरतें व कांहीं गांठी त्यावरच पोसतात. त्याला पेशींत धरून ठेवणारें प्रथिन, म्हणजे ग्राहक, असतें हें शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनीं १९५८ च्या सुमारास दाखवून दिलें. ज्या गांठींत हा ग्राहक सांपडतो, ती 'ई. आर. पॉझिटिव्ह'.

परंतु एकट्या ग्राहकानें काम होत नाहीं. मी वैद्य नव्हे, मास्तर. म्हणून साधा दृष्टान्त घेतों. सरकारी हुकूम मामलेदारांच्या हातीं पडला, तरी कचेरींतील कारकून हलल्यावांचून त्याचा अंमल होत नाहीं. पेशींतही असेच कारकून आहेत. ईस्ट्रोजेन येऊन बसलें कीं ग्राहकाचा आकार बदलतो. मग कांहीं प्रथिनें त्याला येऊन चिकटतात व वाढीचीं जनुकें जागीं करतात. ह्यूस्टनच्या बर्ट ओ'मॅली यांच्या प्रयोगशाळेनें १९९५ सालीं त्यांपैकीं एक ओळखलें. त्याचें नांव एस. आर. सी.-१. त्याच कुळांतील ए. आय. बी.-१ हें १९९७ सालीं उजेडांत आलें. कांहीं स्तनगांठींत त्याच्या जनुकाच्या प्रती वाजवीपेक्षां अधिक आढळल्या. उलट, कांहीं प्रथिनें जनुकांना गप्प बसवितात. ते अडविणारे कारकून.

आतां टॅमॉक्सिफेन या औषधाची गोष्ट पाहा. तें ग्राहकावरील ईस्ट्रोजेनची जागा अडवितें. स्तनाच्या पेशींत मग अडविणारीं प्रथिनें ग्राहकापाशीं जमतात व वाढ खुंटते. पण गर्भाशयाच्या अस्तरांत तेंच औषध कांहींसें ईस्ट्रोजेनसारखें वागतें. असें कां? बोस्टनच्या संशोधकांनीं २००२ सालीं पेशींवरील प्रयोगांतून दाखविलें कीं, तेथें एस. आर. सी.-१ विपुल असतें. हुकूम तोच, मामलेदार तोच. कारकून निराळे, म्हणून निकाल निराळा.

यावरून घरच्या मंडळींनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला पाळी गेल्यानंतर पुन्हां रक्तस्राव झाला, तर संकोचानें तो लपवूं नये. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा थोडा धोका असतो. म्हणून डॉक्टरांस तत्काळ सांगावें. मात्र ह्या भीतीनें गोळी आपल्या मनानें बंदही करूं नये. ई. आर. पॉझिटिव्ह रोगांत ती ५ वर्षें नेमानें घेतल्यास रोग उलटण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

अहवालांतील तीं दोन अक्षरें म्हणजे केवळ रोगाचें नांव नव्हे. उपायाची वाट कोठें आहे, हेंही तीं सांगतात.