मान मगरीला, भार म्हशीला



वसंत व्याख्यानमालेत कातड्याचा विषय निघावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपण बहुतेकजण पायांत चामडे घालूनच येथवर आलो आहोत. तेव्हा ते ज्याच्या हातून आले, त्याच्यासाठी आजची संध्याकाळ खर्चण्यास हरकत नसावी. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या सभांत पुष्कळ झाले. म्हणून साध्या भाषेत सांगतो.

जालन्याला हा विषय परका नाही. १८०३ साली जेथे लढाई झाली ते असई आज आपल्याच जिल्ह्यात आहे. पुढे जालन्यास हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज म्हटली की खोगीर, लगाम, कमरपट्टा आणि पिस्तुलाचे म्यान, म्हणजे होल्स्टर, हे आलेच. आपल्या माळावर पिवळ्या फुलांचा तरवड उगवतो. त्याची साल, बाभळीची साल आणि हिरडा यांवरच दख्खनची कातडी पिढ्यान्‌पिढ्या कमावली गेली.

होल्स्टर कसे होते ते पाहा. सालीत कमावलेले जाड कातडे पाण्यात भिजवतात, हत्याराच्या आकारावर दाबून बसवतात आणि वाळू देतात. वाळले की ते तो आकार सोडत नाही. क्रोममध्ये कमावलेले मऊ कातडे असा आकार धरीत नाही. मग मेण लावलेला दोरा आणि दोन सुया घेऊन शिवण घालतात. एका बाजूचा टाका तुटला, तरी दुसऱ्या बाजूचा धरून राहतो. संघटनेचा धडा याहून सोपा मला कोठे सापडला नाही.

आता शौकीन गिऱ्हाईक म्हणते, मगरीचे हवे, अजगराचे हवे. मगरीच्या पाठीच्या खवल्यांत हाडाच्या चकत्या असतात. तेथे सुई चालत नाही. म्हणून पोटाकडचे, चौकोनी खवल्यांचे कातडे घेतात. सापाचे कातडे तर फार पातळ. त्याच्याने वजन पेलवत नाही. ते जाड कातड्यावर चिकटवूनच शिवावे लागते. म्हणजे मान मगरीला आणि भार म्हशीला! मंडळी, जगाची रीत तरी याहून निराळी आहे काय?

परंतु येथे केवळ शौकाचा प्रश्न नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगर, अजगर, घोरपड या प्राण्यांना अभय दिले आहे. १९८६ च्या दुरुस्तीने त्यांच्या वस्तूंचा व्यापार बंद झाला आणि २०१७ साली सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कच्च्या कातड्यांची आयातही सरकारने रोखली. गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. आता विचार करा, माल सापडणार कोठे? कारागिराच्या रापीखाली आणि आरीजवळ. कातडे आणून देणारा नामानिराळा राहतो. म्हणून माझे कारागीर बांधवांना सांगणे आहे: असे काम आले तर हात जोडून नाही म्हणा. म्हशीच्या कातड्यावर तापल्या साच्याने मगरीच्या खवल्यांचा ठसा उठवता येतो. तो उठवा, ठसा आहे असे स्वच्छ सांगा, आणि त्या कसबाचे दाम मागा.

कोणी म्हणेल, कायद्याने पोट भरत नाही. खरे आहे. तामिळनाडूतील इरुळा लोक सापाच्या कातड्यांसाठी साप धरीत. तो व्यापार बंद झाला आणि त्यांच्यावर उपासमार आली. १९७८ साली त्यांची सहकारी संस्था निघाली. आता ते साप धरतात, विष काढतात आणि साप पुन्हा सोडून देतात. त्याच विषापासून सर्पदंशावरचे औषध तयार होते. आपला शेतकरी त्यावर वाचतो. त्यांचे जुने कसब नव्या कामी लागले, कारण माणसे एकत्र आली. बंदी घालणाऱ्याने अशी वाट दाखवणेही आपले कर्तव्य मानले पाहिजे.

आपल्याकडेही खंडोबाच्या वाघ्याची दिमडी परंपरेने घोरपडीच्या कातड्याने मढवीत. आता दुसरे कातडे चढले, म्हणून जागरण काही थांबले नाही.

आणि कोल्हापुरी चप्पल पाहा. तिच्यात मगर नाही, अजगर नाही. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला मिरवल्या. नाव मात्र घेतले नाही. महाराष्ट्रातून ओरड झाली, तेव्हा मूळ भारतीय कारागिरीचे असल्याचे तिने मान्य केले. साध्या कातड्यावरच्या साध्या हातकामाला एवढी किंमत आहे, तर ती त्या हातांपर्यंत का पोहोचत नाही, हा माझा प्रश्न आहे.

आपण वस्तू घेताना ती कोणत्या जनावराची, असे विचारतो. यापुढे कोणत्या माणसाने केली आणि त्याला काय मिळाले, हेही विचारावे. एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.