फरशीपासून फरशीपर्यंत



 

वर्धा जिल्ह्यातले अभियंते, वास्तुविशारद आणि ड्राफ्ट्समन यांच्यासमोर अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे मी व्यवसायाचा आढावा घ्यायचा आहे. संयोजकांनी मुद्दे लिहून दिलेत: लोखंड-सिमेंटचे भाव, वाळूची टंचाई, ऑनलाइन मंजुरी आणि नवे सॉफ्टवेअर. पहिल्या तिन्हींवर आपले परिसंवाद चहाच्या टपरीवर रोजच झडतात. गांधीजींची बापूकुटी आणि पाच मैलांतल्या साहित्याने बांधकाम हा दाखलाही दरवर्षी होतो. पण सेवाग्रामच्या त्या कुट्या एकमजली. माझ्या दुखण्यावर तिथे औषध नाही. माझे दुखणे चौथ्या मुद्द्यात आहे, आणि त्यातही एकाच रकान्यात. तो रकाना पायरीच्या उंचीचा, म्हणजे रायझरचा.

रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये जिना काढताना खालची पातळी द्या, वरची पातळी द्या, रायझरची कमाल उंची द्या. पायऱ्या किती आणि प्रत्यक्ष उंची किती हे यंत्र स्वतः सांगते. मेट्रिक टेम्प्लेटमध्ये तर 190 मिलिमीटर रायझर आणि 250 मिलिमीटर पाऊल, म्हणजे पाय ठेवायची जागा, असा जिना तयारच मिळतो. आपली पोरे तो उचलतात आणि पुढे जातात. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घरासाठी 190 हीच कमाल मर्यादा आहे, म्हणून नकाशा मंजूरही होतो. मर्यादा म्हणजे याच्या पुढे जाऊ नका. आपण मात्र तिथपर्यंत जायलाच हवे असे समजून बसलो आहोत.

पण तेही मी सोडून देतो. माझे भांडण रायझर ठरवणाऱ्या त्या खालच्या-वरच्या दोन पातळ्यांशी आहे.

आपण पातळी देतो ती स्लॅबची. समजा स्लॅब ते स्लॅब 3000 मिलिमीटर. सोळा रायझर केले की प्रत्येकी 187.5. पडद्यावर सोळाही अगदी सारखे. आता साइटवर चला. दोन्ही मजल्यांवर मसाल्यासकट कोटा फरशी बसली, जाडी 60. पायऱ्यांवर पातळ ग्रॅनाइट, मसाल्यासकट 35. झाले! पहिली पायरी उरली 162.5 आणि शेवटची चढली 212.5. मधल्या चौदा 187.5. एकाच जिन्यात तीन उंच्या, पहिल्या-शेवटच्या पायरीत 50 मिलिमीटरची तफावत, आणि शेवटची पायरी नियमाबाहेर. नकाशावर सही कोणाची? आपली.

माणूस जिना डोळ्यांनी चढत नाही. पहिल्या एक-दोन पायऱ्यांत पायाला उंची कळते, पुढे पाय तेवढाच उचलला जातो. पायरीच्या कडेवरून तो अगदी थोड्या अंतराने जातो. म्हणून अमेरिकेत चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेत एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या रायझरमध्ये 9.5 मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही. आपण त्याच्या पाचपट देतो आणि वर म्हणतो, आजीबाईंचे वय झाले, तोल गेला.

आता आपल्या सभासदांचे वाद. पहिला वाद: हाताने काढलेला जिना बरा की संगणकावरचा? माझ्यापुरता तो आर्वी रस्त्यावरच्या एका घरात मिटला. नकाशे नागपूरच्या एका ऑफिसातून आलेले, रंगीत, त्रिमितीय, देखणे. आमच्या वयस्क मिस्त्रींनी ते पाहिले, बाजूला ठेवले आणि विचारले, वर फरशी कोणती, खाली कोणती? मग भिंतीवर दोन्हीकडच्या तयार फरशीची रेघ मारली, मधली उंची पट्टीवर घेतली आणि तिचे सारखे भाग पाडले. प्रत्येक खुणेतून पायरीच्या फरशीची जाडी वजा करून सेंट्रिंगवाल्याला माप दिले. मी म्हटले, नकाशात सगळ्या पायऱ्या सारख्याच आहेत की. ते म्हणाले, “साहेब, कागदावरचा जिना स्लॅबवर थांबते, माणूस त फरशीवर चालते नं जी!”

यात संगणकाचा दोष नाही. ऑटोकॅड आर्किटेक्चरमध्ये वरच्या-खालच्या फरशीच्या जाडीसाठी वेगळे रकाने आहेत. रेव्हिटमध्ये तयार फरशीची पातळी वेगळी आखून जिना तिच्यावर बांधता येतो. रकाना आहे, भरणारा नाही.

दुसरा वाद वास्तुशास्त्राचा. पायऱ्या विषमच हव्यात म्हणून घरमालक अडून बसतात आणि आमचे विवेकवादी मित्र संतापतात. मीही पूर्वी तावातावाने बोलत असे. हल्ली बोलत नाही. सोळाच्या सतरा केल्या की 187.5 चे 176.5 होतात; गुडघ्यांना ते बरेच. विषमाने कोणाचा पाय मोडत नाही. पाय मोडतो तो जिना ओतून झाल्यावर विषम आकडा गाठण्यासाठी तळाशी चिकटवलेल्या चार इंची पायरीने. अशी पायरी मी सुशिक्षितांच्या घरी पाहिली आहे, आणि श्रद्धाळू व विवेकवादी दोघांनाही तिच्यावर सारखेच अडखळताना पाहिले आहे.

तिसरा वाद: फरशी ऐनवेळी ठरते, मग जाडी आधी कशी लिहायची? हे फार ऐकले. घरमालकीणबाई ग्रॅनाइटचा रंग शेवटी ठरवतात, कबूल. पण जाडीसाठी जागा आधी राखता येते. उरलेली जागा मसाल्याने भरते; ओतलेली पायरी मात्र नंतर खाली सरकत नाही.

सार्वजनिक इमारतींबद्दल तर बोलावे तेवढे थोडे. तिथे रायझर 150 आणि पाऊल 300 हवे. याच वर्ध्यात जमनालाल बजाजांनी 1928 साली लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले केले. ज्या गावाने दार उघडले, त्या गावात म्हाताऱ्या माणसाला सरकारी दाखल्यासाठी कठडा धरून, दर पायरीवर थांबत वर जावे लागते. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे. आपण उताराचा रॅम्प दाखवून मोकळे होतो, जिन्याकडे पाहत नाही.

आढावा राहिलाच, याची मला कल्पना आहे. पुढच्या कामांविषयी थोडे. आपल्याकडच्या फरश्यांच्या मसाल्यासकट जाड्यांचा एक तक्ता व्हावा. सर्व कार्यालयांसाठी एक समान टेम्प्लेट व्हावे. ड्राफ्ट्समन मुलांना वर्षातून एखादा दिवस टेप देऊन साइटवर न्यावे. यासाठी उपसमिती नेमावी. सदस्य कोण, खर्च किती, हे कार्यकारिणी पाहील. तक्त्याला काय नाव द्यायचे यावर उपसमितीने पहिली तीन वर्षे घालवू नयेत, एवढीच विनंती.

ठराव मांडण्याचा अधिकार अध्यक्षाला नाही, असे सचिवांनी मघाशी कानात सांगितले. ठीक. मग अधिकाराविना सांगतो: ज्या नकाशात जिन्याची उंची तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंत लिहिलेली नाही, त्यावर सही करू नका. मी करत नाही. त्यापायी दोन-चार कामे गेली, जाऊ दिली. तुम्हीही जाऊ द्या; सगळ्यांनीच नकार दिला तर ती जातील कुठे?