स्वागताध्यक्षीय भाषण : दोन सह्यांचे जनुक



शिक्रापूरकरांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत करतो. पुणे–नगर रस्त्यावरचे आमचे गाव एरवी आपण चाकण फाट्याच्या गर्दीत अडकून पाहिले असेल. आज मुद्दाम थांबलात, याचा आनंद आहे.

या परिषदेसाठी बेडकाच्या भ्रूणातील जनुकांचे नियंत्रण हा विषय ठरला, तेव्हा काहींनी विचारले, हे आपल्याकडे कशाला? पण हा विषय या जिल्ह्याला परका नाही. मायक्रोहायला ऑर्नाटा हा पावसाळी डबक्यांत अंडी घालणारा चिमुकला बेडूक. त्याच्या भ्रूणांवर पुण्यात लीला मुल्हेरकर आणि हेमंत घाटे यांनी काम केले. 2010 मध्ये आघारकर संशोधन संस्थेच्या सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने जपानी सहकाऱ्यांसह हायड्राच्या नॉगिन जनुकाचा आरएनए झेनोपस बेडकाच्या भ्रूणात सोडला, आणि तिथे शरीराचा दुसरा, अर्धवट अक्ष तयार होऊ लागला! हा आरएनए प्रमोटरला, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागाला, बगल देऊन थेट पेशीत गेला होता. जनुक भलत्या जागी चालू न देणे हे काम एरवी प्रमोटर करतो.

झेनोपसच्या अंड्याची पहिली बारा विभाजने मुख्यतः आईने साठवलेल्या साहित्यावर होतात. भ्रूणाची स्वतःची बहुतेक जनुके तोवर गप्प असतात. पुढे ती जागी होतात, पण सगळीच सगळीकडे नाहीत. गूसकॉइड जनुकाच्या प्रमोटरमध्ये दोन तुकडे असल्याचे 1995 मध्ये दाखवले गेले. एक ॲक्टिव्हिनसारख्या संकेताला दाद देतो, दुसरा विंटच्या. सोसायटीच्या चेकवर अध्यक्ष आणि सचिव दोघांच्याही सह्या लागतात, तसाच हा कारभार. पाठीकडच्या भागात दोन्ही संकेत एकत्र पोहोचतात, म्हणून हे जनुक तिथेच जोमाने चालते.

शिक्षक मित्रांना एकच विनंती. प्रमोटरची व्याख्या पाठ करून घेण्याआधी वर्गात तीन प्रश्न विचारा : हे जनुक कुठे चालते, केव्हा चालते आणि कोणाच्या सांगण्यावरून? मुले उत्तरे शोधू लागली, की व्याख्या आपोआप समजेल.

चहा-जेवणाची व्यवस्था मंडपामागे आहे. काही उणे राहिल्यास हक्काने सांगा.