साखरेच्या पोत्यातील ताणलेले रेणू

साखरेचे ५० किलोचे प्लॅस्टिकचे पोते चपट्या पट्टीने विणलेले असते. ही पट्टी पॉलिप्रॉपिलीनची. तिची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास. तरीही माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर किंवा बिजवडीच्या कारखान्यांतून निघणाऱ्या अशा पोत्यांची थप्पी गोदामात उंच रचता येते. १९८७च्या कायद्यानुसार साखरेचा काही भाग तागाच्या पोत्यांत भरावा लागतो. उरलेल्या साखरेचा बहुतेक भार या पातळ पट्टीवर असतो आणि तिची ताकद रेणूंच्या मांडणीतून येते.

पॉलिप्रॉपिलीनचा रेणू म्हणजे हजारो समान घटकांची लांब साखळी. वितळलेल्या स्थितीत या साखळ्या वेटोळ्या होऊन एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांना ठरावीक दिशा नसते. असे प्लॅस्टिक ओढले, तर बराचसा ताण दोन साखळ्यांमधल्या दुबळ्या आकर्षणावर येतो. साखळ्या ओढीच्या दिशेने सरळ झाल्या, की तोच ताण कार्बन अणूंमधील बळकट बंध पेलतात.

पट्टी तयार करताना नेमके हेच साधले जाते. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून त्यांचा पातळ पडदा काढतात, तो पाण्यात चटकन थंड करतात आणि पात्यांनी त्याच्या पट्ट्या कापतात. मग या पट्ट्या हळू व जलद फिरणाऱ्या रुळांच्या दरम्यान, गरम भट्टीत, पाच ते सातपट ताणतात. थंड होताना बनलेले जुने स्फटिक मोडतात आणि साखळ्या लांबीच्या दिशेने लागतात. ही दिशाबद्धता एका अंकाने मोजतात: दिशा नसेल तर शून्य, सर्व साखळ्या ओढीच्या दिशेत असतील तर एक. त्यासाठी क्ष-किरण किंवा ध्रुवित अवरक्त प्रकाश वापरतात.

ताणलेली साखळी मात्र स्वस्थ राहत नाही. उष्णतेमुळे होणारी हालचाल तिला पुन्हा वेटोळ्याकडे नेते. यालाच शिथिलन म्हणतात. शेजारच्या साखळ्यांच्या गर्दीमुळे तिला आडवे सरकता येत नाही. बोगद्यातल्या सापाप्रमाणे लांबीच्या दिशेनेच वाट काढावी लागते. हे चित्र फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडले. त्यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या सिद्धांतानुसार साखळीची लांबी दुप्पट झाली, तर वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये शिथिलनाला आठपट वेळ लागतो. प्रयोगांत हा आकडा दहापटीच्या आसपास भरतो.

घट्ट झालेल्या पट्टीत स्फटिक साखळ्यांना जखडून ठेवतात. स्फटिकांमधला अव्यवस्थित भाग मात्र आकसू पाहतो. म्हणून ताणल्यानंतर पट्टी पुन्हा गरम रुळांवरून नेतात आणि पुढचे रूळ किंचित मंद ठेवून तिला तिथेच थोडी आकसू देतात. ही पायरी टाळली, तर बॉबिनवरची पट्टी नंतर आवळते आणि विणलेले कापडही आटते.

दिशाबद्धता फार वाढली, की पट्टी उभी चिरते. त्यावर उपाय म्हणून पॉलिप्रॉपिलीनमध्ये थोडे पॉलिएथिलीन आणि खडूची पूड मिसळतात. ही दोन प्लॅस्टिके एकजीव होत नाहीत; पॉलिएथिलीनचे थेंब ताणले जाऊन लांबट होतात. पॉलिएथिलीन कमी तापमानाला वितळते, त्यामुळे भट्टीच्या उष्णतेत त्याच्या साखळ्या लवकर शिथिल होतात, तर पॉलिप्रॉपिलीनच्या ताणलेल्या राहतात.

एकजीव होणाऱ्या मिश्रणातही घटकांची गती वेगळी राहू शकते. पॉलिस्टायरीन आणि पॉलिफेनिलीन ऑक्साइड कोणत्याही प्रमाणात मिसळतात, पण ताणल्यावर दुसऱ्याची दिशाबद्धता अधिक टिकते. अवरक्त प्रकाश प्रत्येक घटक वेगळा ओळखतो, म्हणून हा फरक मोजता येतो.

जनावरांसाठी मुरघासाचे गठ्ठे गुंडाळणाऱ्या पातळ फिल्मला पोत्याच्या पट्टीच्या उलट गुण लागतो. ती दीडपटीहून अधिक ताणून गुंडाळतात. पूर्वस्थितीकडे जाऊ पाहणाऱ्या साखळ्या गठ्ठा आवळून धरतात आणि हवा आत शिरत नाही. वेळेबरोबर ही ओढ कमी होते. पोत्याच्या पट्टीत शिथिलन आधीच उरकून घ्यावे लागते. मुरघासाच्या फिल्ममध्ये ते शक्य तितके लांबवावे लागते.